मुरलेली चव

मी एक जुनी, काळी, एका कानाची बिडाची हंडी आहे. मित्रांनो, वायमाटेच्या डोंगराखाली फर्गस मॅकॉलेच्या मेंढवाड्यावर माझं जवळजवळ सगळं आयुष्य गेलं. टिमारूच्या ओतशाळेत वाळूच्या साच्यातून बाहेर आले तेव्हा मी चांगली दोन कानांची होते. पहिली वीस वर्षं लोकर कातरणाऱ्यांसाठी माझ्यात रस्सा शिजला. मग एकदा गाडीतून पडले, एक कान तुटला आणि माझी रवानगी कुत्र्यांच्या खोपटाशेजारच्या चुलीवर झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण कुत्र्यांइतकं मनापासून जेवणारं कुणी मला आधी भेटलं नव्हतं.

रोज संध्याकाळी मेंढीचं मांस आणि जव शिजायचे. आमच्याकडे कुत्र्यांची हंडी कुणी घासत नाही. "चव मुरलीय हिच्यात," असं फर्गस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि मी फुगून जायचे.

त्याच्या कुत्र्यांत सगळ्यात धाकटा फ्लिंट. त्याच्या एका भुंकण्यावर समोरच्या उतारावरच्या मेंढ्या वळायच्या. पण तिसऱ्या वर्षी त्याचं पोट बिघडलं ते बिघडलंच. पातळ शी, पोटात गुरगुर, कान खाजवून खाजवून रक्त. फर्गसने जंताचं औषध दिलं, जव बंद केले, कोळशाची पूडही चारली. फ्लिंट वाळतच गेला. कामाचा नसलेला कुत्रा आमच्याकडे कुणी पोसत नाही. एका सकाळी फर्गस बंदूक काढून अंगणात बसला, बराच वेळ ती पुसत राहिला आणि पुन्हा खुंटीला अडकवून आला. मार्चअखेर डोंगरावरचा कळप खाली आणायचा होता. तोवर फ्लिंटला मुदत होती.

फर्गसच्या मुलीने, रोनाने, हिने पराता नावाच्या जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी शी तपासली, कान पाहिले आणि म्हणाल्या, "जंत नाहीत. एखादं अन्न सोसत नसेल. आठ आठवडे त्याने कधीच न खाल्लेलं मांस द्या. वॉलबी आणि रताळी, बस्स. तोंडात दुसरा कणसुद्धा जाता कामा नये."

"कुत्र्याला पथ्य!" फर्गस हसला. पण शेजाऱ्याने मारलेली वॉलबी, म्हणजे छोट्या कांगारूसारखं जनावर, आणली आणि माझ्यातच शिजवली.

पाच आठवडे झाले तरी फ्लिंटला काडीचा फरक पडला नाही.

"बाबा, खरं सांगा, तुम्ही चोरून देताय ना त्याला काहीतरी?" रोना चिडली. "टोस्टचे कोपरे?"

"नाही गं."

"मागे नाही का पकडलं होतं तुम्हाला?"

"तेव्हा देत होतो. आता नाही!" म्हातारा म्हणाला आणि दोन दिवस लेकीशी बोलला नाही. तो खरं बोलत होता. आणि मित्रांनो, माझ्या पोटात काय आहे ते मला ठाऊक होतं. पण हंडीला तोंड असलं तरी जीभ नसते.

हिनेबाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी माझं झाकण उचललं आणि माझ्या आतून नख फिरवलं. पिवळ्या चरबीचा थर निघाला.

"हे काय, काका?"

"चव आहे ती. चाळीस वर्षांची."

"चव नव्हे, ही मेंढी आहे. रोज थोडी थोडी त्याच्या जेवणात उतरतेय."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. ज्याचा अभिमान मिरवला, तेच त्या मुक्या जिवाला छळत होतं.

रोनाने स्वयंपाकघरातलं स्वच्छ स्टीलचं पातेलं आणलं. "बाबा, मी उगाच तुमच्यावर..."

"जाऊ दे. रताळी उकड."

तीन आठवड्यांनी एका सकाळी फर्गस फ्लिंटची शी बघून कुंपणापासून ओरडला, "रोना! घट्ट आहे गं, घट्ट!" तसा आनंद त्याने पहिल्या नंबरच्या लोकरीवरही केला नव्हता. पुढे कानही भरून आले. खात्रीसाठी बाईंनी एकदा मेंढीचा घास द्यायला लावला आणि दोन दिवसांत पोट पुन्हा बिघडलं. "मेंढ्या राखायच्या आणि मेंढीच सोसायची नाही! नवाबच आहेस," फर्गस त्याला म्हणाला. त्या दिवसापासून बाकीचे कुत्रे जेवताना फ्लिंट वेगळा बांधला जातो.

मार्चअखेर डोंगरावरून त्याचा आवाज खोपटापर्यंत आला. मेंढ्यांची पांढरी रांग खाली उतरत होती.

आता माझ्यात बाकीच्या कुत्र्यांचीच मेंढी शिजते आणि फर्गस मला रोज गरम पाण्याने घासतो. मित्रांनो, जनावर आपलं दुखणं सांगू शकत नाही. त्याच्यापुढे घास ठेवण्याआधी भांडं बघा, आणि लाडाने काही चारण्याआधी विचारा.

कळप खाली आला त्या संध्याकाळी फ्लिंट थकून, चिखलाने माखून थेट माझ्याकडे आला आणि काठावर नाक टेकून शेपटी हलवू लागला. फर्गसने हलकेच त्याचा पट्टा धरून त्याला मागे घेतलं आणि माझ्यावर झाकण ठेवलं. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.