भुऱ्याचा दावा

“तुनंच लाथ मारली माह्या भुऱ्याले! मीनं डोळ्यानं पाह्यलं, किसन्या!”

“काकू, पायात काटा रुतला होता, म्हणून पाय उचलला. मी काऊन मारू त्याले? माह्या वावरातले डुकरं बी तोच हाकलून राह्यला ना!”

पण सुलोचनाबाई ऐकतील तर शपथ! दोन शेतांमधल्या धुऱ्यावर उभ्या राहून त्यांनी शेजारच्या किसनरावच्या सात पिढ्या उद्धारल्या. त्यांच्या राखणीच्या कुत्र्याचं, भुऱ्याचं, अंड सुजून वांग्याएवढं झालं होतं. मागचे पाय फाकवून बिचारा कसाबसा चालायचा, भाकरीला तोंड लावत नव्हता. रोहण्याच्या शिवारात रानडुकरांनी नुसता उच्छाद मांडला होता, आणि एकट्या बाईच्या हरभऱ्याला भुऱ्याशिवाय राखण नव्हती.

मुका मार लागला, सूज आली, की बाईंकडे एकच औषध: बिब्बा. त्यांनी दोरीनं भुऱ्याचं तोंड बांधलं, बिब्बा तापवला आणि त्याचं तेल सुजेवर बोटानं चोपडलं. भुऱ्या बांधल्या तोंडानं विव्हळला. बाईंचं काळीज तुटलं, आणि त्याचं प्रत्येक विव्हळणं त्यांनी किसनरावच्या नावावर मांडलं.

“थांब लेका, तुले दाखवतोच,” म्हणत त्याच संध्याकाळी त्यांनी किसनरावच्या कुंपणाच्या बाभळीच्या काट्या ओढून बाजूला टाकल्या. सकाळी त्याचा हरभरा डुकरांनी उभा-आडवा लोळवलेला होता. तो पाहून बाईंना असा गारवा वाटला, की चहात साखर टाकायची राहिली तरी कळलं नाही.

भुऱ्याला मात्र ताप भरला. सूज चिघळून पाणी गळायला लागलं, तशी बाईंनी त्याला ऑटोत घालून आर्वीला नेलं. जनावरांच्या डॉक्टरनं नीट तपासलं.

“लाथ-बिथ काही नाही, आई. आतमधी इन्फेक्शन झालं. पण ही कातडी कशानं जळली?”

“बिब्बा लावला.”

“कोनं?”

बाईंनी काळं पडलेलं बोट पदरात घेतलं. “मीनंच.”

“आता अंड काढाच लागते. बिब्ब्यानं लई हाल केले त्याचे.”

भुऱ्या वाचला. घरी आला त्या दिवशी किसनराव दूधभाकर घेऊन आला. “हा दुखण्यानं पडून होता म्हणून डुकरं शिरले, काकू. कुंपण बी कसं सुटलं, कोन जाणे!” भुऱ्या शेपूट हलवत त्याच्या हातून खात होता. बाईंनी मायेनं हात पुढे केला, तर त्यानं दात विचकले आणि असा गुरगुरला की बाई दोन पावलं मागे सरल्या.

बोटावरचा डाग गेला, पण भुऱ्यानं दावा सोडला नाही. बाईंच्या हातच्या भाकरीला तो शिवतही नाही. मग रोज सकाळी, जिथून शिव्या घातल्या त्याच धुऱ्यावर उभ्या राहून सुलोचनाबाईंना हाक मारावी लागते:

“किसनराव, ये ना रे बाप्पा! भुऱ्या उपाशी हाय.”