ताईची शाळा, बारकीचा चष्मा

मित्रांनो, मी एक जुना दुमजली पलंग आहे. खाली एक माणूस झोपेल, वर एक झोपेल, आणि वर चढायला पाच पायऱ्यांची शिडी, असा माझा थाट. आता माझ्यावर कुणी झोपत नाही. वर रिकाम्या सुटकेस ठेवल्या आहेत, खाली रद्दी. तरी एके काळी या घरातली सगळी महत्त्वाची बोलणी माझ्या आसपास झाली, म्हणून तुम्हाला सांगावेसे वाटते.

मला बाबांनी केले. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. ते एका कारखान्यात होते. तिथे तयार झालेली यंत्रे बाहेरगावी पाठवायला लाकडी खोकी लागत, ती ठोकायचे त्यांचे काम. मोडलेली खोकी कामगारांना घरी न्यायची मुभा होती. बाबांनी दोन महिने रोज एकदोन फळ्या खांद्यावर टाकून आणल्या आणि सहा रविवार खपून मला उभे केले. रंधा मारून झाल्यावर ते प्रत्येक कडेवरून तळहात फिरवून बघत. "पोरींना कुसळ लागायला नको," म्हणत. आई दारात उभी राहून म्हणाली, "पलंग करताय की जहाज? दारातून बाहेर कसा जाणार हा?" बाबा म्हणाले, "बाहेर कशाला जाईल?"

पोरी दोन. थोरलीला सगळे ताई म्हणत, ती दहा वर्षांची होती. धाकटी सहा वर्षांची. तिचे नाव कागदोपत्री काहीही असो, घरात आणि गल्लीत ती बारकीच. ताईने वरची जागा पटकावली. बारकी खाली पडल्या पडल्या पायाने वरच्या फळीला ढुशा द्यायची, ताई वरून उशी फेकायची, आणि मी करकरायचो. पाहुणे आले की बाबा त्यांना आधी माझ्याकडे घेऊन येत. मला हलवून दाखवत, "बघा, जरा तरी डुगडुगतोय का?" म्हणत. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ. तो तीन वर्षे टिकला.

ताई हुशार होती. तिच्या शिक्षकांनी तिला एका खासगी शाळेच्या परीक्षेला बसवले. शहराबाहेर टेकडीवर ती निवासी शाळा होती. मोठमोठ्या कॉलेजांत प्रवेश मिळावा एवढ्यासाठीच तिथे पाच वर्षे मुलांची तयारी करून घेत. ताई पास झाली आणि तिला अर्धी फी माफ झाली. घरात आनंदीआनंद. मग बाबांनी उरलेल्या अर्ध्या फीचा आकडा वाचला आणि माझ्या खालच्या जागेवर बसून राहिले. महिन्याकाठी तो त्यांचा जवळजवळ अख्खा पगार होता.

"झेपेल का हो?" आईने विचारले.

"झेपवायचं. अशी संधी दुसऱ्यांदा दार वाजवत नाही," बाबा म्हणाले. मग बारकीला जवळ ओढून म्हणाले, "ताईचं झालं की तुझी पाळी. तीच शाळा, तीच परीक्षा. कबूल?"

"कबूल," बारकी म्हणाली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तिला ते अगदी खरे वाटले.

आई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात रुग्णांची ताटे वाढायची. तिथल्या एका नर्सला दिवसा झोपायला जागा हवी होती, कारण तिची कायमची रात्रपाळी होती. आईने तिला माझी वरची जागा भाड्याने दिली. नर्समावशी सकाळी आठला यायची, चप्पल हातात घेऊन शिडी चढायची आणि दुपारी तीनपर्यंत झोपायची. बाई भली होती. पण ताई पहिल्या सुट्टीत घरी आली ती भर दुपारी, आणि तिच्या उशीवर परके डोके होते.

नर्समावशी दचकून उठली. "झोप गं तू इथे. मी खाली सतरंजी टाकते."

"नको," ताई म्हणाली. ती बॅग हातात घेऊन तशीच उभी राहिली. त्या सुट्टीत ती बारकीजवळ खालीच झोपली, आणि पुढच्या सुट्टीला तिने कळवले की शाळेतच जादा तास आहेत. तिथेही ती सुखात नव्हती, हे मला बारकीला आलेल्या पत्रांवरून कळायचे. बारकी ती मोठ्याने वाचायची. एका पत्रात लिहिले होते, 'इथल्या मुली विचारतात, सुट्टीत कुठे गेली होतीस. मी म्हणते, घरी. त्या विचारतात, आणि नंतर?'

पुढे पुढे बारकी पत्रे वाचताना कागद नाकाला लावू लागली. पुस्तकाचेही तेच. आईबाबांना ते दिसले नाही, कारण आई आता इस्पितळातून सुटून आणखी एका खाणावळीत जायची आणि बाबा रविवारीही कारखान्यात असत. दिसले ते नर्समावशीला. एका सकाळी ती आईला म्हणाली, "वहिनी, बारकीचे डोळे तपासून घ्या. तिला लांबचं दिसत नाही. परवा मी गल्लीच्या टोकावरून हात केला, तर ती दुसऱ्याच बाईकडे बघून हसली."

"पुढच्या महिन्यात नेते," आई म्हणाली. आणि खरेच तिने त्यासाठी पैसे बाजूला काढायला सुरुवात केली.

पैसे जमले तेव्हा ताईच्या शाळेचे पत्र आले. ताईचे ते शेवटचे वर्ष होते. शाळा मुलांना चार कॉलेजे दाखवायला सहलीला नेणार होती. पत्रात लिहिले होते की सहल ऐच्छिक आहे. रविवारची दुपार होती आणि बाबा त्या एका रविवारी घरी होते. बारकी तोंड भिंतीकडे करून माझ्यावर आडवी झाली होती.

"ऐच्छिक म्हणजे न गेलं तरी चालतं," आई म्हणाली.

"तसं नुसतं लिहितात. सगळे जाणार. तिथे त्या कॉलेजवाल्यांशी ओळखी होतात म्हणे. आपलीच एकटी मागे राहिली तर चार वर्षं पाण्यात गेली की."

आई उठली. मग तिने चष्म्याचे पैसे काढून बाबांच्या हातात दिले. ते कशाचे आहेत हे तिने सांगितले नाही, आणि बाबांनी विचारले नाही. बारकी झोपलेली नव्हती. तिने माझा कठडा किती घट्ट धरला होता, ते फक्त मला कळले.

दोन महिन्यांनी बारकीची परीक्षा झाली. तीच शाळा, तीच परीक्षा, आणि त्यात अर्धी फी माफ झाली नाही तर पाऊलही टाकायचे नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. संध्याकाळी ती घरी आली. नर्समावशी कामावर जायला वेणी घालत होती.

"कसा गेला गं पेपर?"

"पहिला चांगला गेला. दुसऱ्यात आकृत्या पडद्यावर दाखवत होते. माझा नंबर नवव्या रांगेत."

"मग पुढे बसायचं मागायचं ना."

"मागितलं. सर म्हणाले, जागा बदलता येत नाही." बारकीने बूट काढले आणि ते नीट जोडीने माझ्याखाली सरकवले. "मावशी, घरात सांगू नकोस."

महिन्याने निकाल आला. बारकी नापास नव्हती, पण सवलतीला गुण कमी पडले. आणि ती परीक्षा एकदाच देता येत असे. बाबा अजिबात रागावले नाहीत. माझ्यावर तिच्याशेजारी बसून त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे गं. सगळ्यांचं डोकं सारखं चालत नाही. तू आमच्याजवळ राहा, आम्हाला बरं वाटेल." त्यांनी हे इतक्या मायेने म्हटले की बारकीला रडताही येईना.

दुसऱ्या दिवशी नर्समावशीला राहवले नाही. बारकी शाळेत गेल्यावर तिने आईला गाठले. "वहिनी, डोक्याचा काही दोष नाही. पोरीला पडदा दिसतच नव्हता."

आईने दार लोटून घेतले. "मला कळलंय ते," ती म्हणाली. "पण ह्यांना सांगू नका. ह्यांना कळलं तर तडकाफडकी ताईला घेऊन येतील. चार महिने राहिलेत तिचे."

त्यानंतरच्या महिन्यात बारकीला चष्मा मिळाला. नंबर बराच निघाला. त्या दिवशी ती घरी येऊन माझ्यावर आडवी झाली आणि एकदम उठून बसली. वरच्या फळ्यांच्या खालच्या बाजूला खोक्यांवरची काळी अक्षरे तशीच राहिली होती. 'काच आहे', 'उलटे ठेवू नये', असे काहीबाही. सात वर्षे ती त्यांच्याखाली झोपत होती आणि गेली काही वर्षे तिला तिथे नुसते डाग दिसत होते. तिने ती सगळी अक्षरे एकेक करून वाचली. संध्याकाळी बाबा आले, तिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "वा, आता कशी हुशार दिसतेस."

आई भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली.

ताईला मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. बाबांनी गल्लीभर सांगितले. पण त्या कॉलेजाची फी शाळेहून जास्त होती, म्हणून नर्समावशी माझ्यावर आणखी चार वर्षे झोपली. ताई दूर गेली, दूरच नोकरीला लागली. ती पैसे पाठवते, फोन करते. घरी आली तर दोन दिवस, आणि दोन्ही दिवस पाहुणीसारखी विचारून पाणी पिते. बारकी साध्या शाळेत शिकली. शाळा संपली तशी तिने एका गोदामात माल मोजून घ्यायची नोकरी धरली. पुढे त्यांनी तिला दुसऱ्या गावी बदली दिली.

ती निघाली त्या दिवशी सकाळी कपडे माझ्यावर पसरून भरत होती. बाबा रिक्षा बघायला गेले होते. आई येऊन कपड्यांच्या कडेला बसली. तिने एक सदरा उचलला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"बारके, तुझ्या परीक्षेच्या वर्षी चष्म्याचे पैसे माझ्याकडे होते. ते मी ताईच्या सहलीला दिले."

"माहीत आहे मला," बारकी म्हणाली. "मी जागी होते."

आई तिच्याकडे बघत राहिली. "मग बोलली का नाहीस?"

"ताईची सहल गेली असती."

"आणि नंतर? बाबा तसं म्हणाले तेव्हा?"

"तेव्हा तू बोलशील असं वाटलं."

आईने घडी घातलेला सदरा बॅगेत ठेवला. मग तिने खाली बघून विचारले, "राग आहे का माझा?"

मला वाटले बारकी नाही म्हणेल. आजवर ती नेहमी नाही म्हणत आली होती. तिने हातातला टॉवेल बॅगेत ठेवला.

"हो," ती म्हणाली.

आईने मान हलवली. उठून गेली मात्र नाही. उरलेले कपडे दोघींनी मिळून भरले. रिक्षा आली, बाबांनी बॅग उचलली, आणि बारकी गेली. त्या संध्याकाळी आईने बाबांना माझ्यासमोरच सगळे सांगितले. बाबांनी ऐकून घेतले. मग ते माझ्या खालच्या जागेवर बसले आणि बारकीची उशी मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत बसून राहिले. त्यांनी बारकीला फोन केला की नाही, मला माहीत नाही. या खोलीतून तरी केला नाही.

मित्रांनो, मला पॉलिश नको, दुरुस्तीही नको. जुन्या लाकडाचे जे होते ते होईल. पण माझ्यावर झोपलेल्या एका मुलीने गप्प राहून आपले सगळे देऊन टाकले आणि ते घेणाऱ्यांना धड कळलेही नाही, हे मला अजून सलते. म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो. तुम्हाला फळ्यावरचे दिसत नसेल, पोटात दुखत असेल, तर घरी सांगा. घरात पैसे नाहीत हे ठाऊक असले तरी सांगा. तुमच्या मोठ्या भावाबहिणीचे काहीतरी अडेल असे वाटले, तरीसुद्धा सांगा. आणि कुणी पुढच्या महिन्यात बघू म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा.