भाऊबीजेआधीचा दावा

झुंबरबाईचा हिशेब सरळ होता. बापाच्या कोडोलीच्या रानात कायद्यानं अठरा गुंठे तिचे. दावा लावला तर रान मिळणार, पण भाऊ गुंडू तुटणार. म्हणून तिनं दोन्ही पदरात पाडायचं ठरवलं. दावा दिवाळीआधी लावायचा, समन्स जाईल दिवाळीनंतर. मधली भाऊबीज सुखानं पार पडेल. भावानं दिलेली साडी सासरच्या, कळंब्यातल्या शेजारणींना दाखवल्याशिवाय तिची दिवाळी उजाडतच नसे.

दोन हजार नऊचं साल. दावा लागल्यावर ती पुढची तारीख विचारायला गेली, तर तिच्या वकिलाचा कारकून आकाराम यानं कम्प्युटर तिच्याकडं वळवला.

"ह्ये बघा मावशी, तुमी विरुद्ध गुंडू. आता खेपा नगोत. घरबसल्या दिसतंय."

"कुणाला?"

"कुणालाबी! एक पैसा पडत न्हाय."

गुंडूची लेक पूर्णिमा कॉलेजात दिवसभर कम्प्युटरपुढंच बसायची. कोर्टाला सुट्टी लागलेली, दावा मागं घ्यायचीही सोय नव्हती.

भाऊबीजेला ती पाय ओढतच कोडोलीत उतरली. भावजय धोंडुबाई दारातच म्हणाली, "या वन्सं! यंदा काय काय न्यायचं ठरवून आलाय?"

दरवर्षीचीच चेष्टा, पण झुंबरबाई उंबऱ्यातच अडखळली. पूर्णिमा आत्तीकडं बघून हसली आणि आत पळाली. का हसली? गुंडू पाटावर गप्प बसला. नेहमी असाच बसायचा का?

ओवाळताना निरांजन कलंडलं.

"ध्यान कुठं हाय गं, आक्का?"

"हक्कसोडीचा कागद कर बाबा," ती एका दमात बोलून गेली. "मला रान नगं. सही करती."

बहिणीनं वाटा सोडायचा, भावानं माहेर उघडं ठेवायचं. हा कागद घरोघरी होतो. गुंडूचे डोळे भरून आले. बिचाऱ्याला काहीएक ठाऊक नव्हतं. पूर्णिमाही हसली होती ती आत्तीनं घाईत उलट्या घातलेल्या पोलक्याला.

दोन दिवसांनी बहीणभाऊ कोल्हापुरात गुंडूच्या वकिलाकडं बसले. कागद तयार होता.

"सहीआधी रानावर काही दावा आहे का, तेवढं बघतो," वकील म्हणाला. "आता ऑफिसातनंच दिसतं."

त्याची बोटं कीबोर्डवर चालू लागली.

"गुंडूराव, जरा इकडं या."

गुंडूनं पडद्यावरचं बहिणीचं नाव अक्षर-अक्षर लावून मोठ्यानं वाचलं. मग स्वतःचं. मग तारीख, दिवाळीआधीची.

"म्हंजी ओवाळताना ह्ये पोटात हुतं व्हय?"

"काढून घेती रं! सुट्टी संपली की लगीच."

"काढशीलच की. आदी सही कर."

पेन पुढं आलं. आक्का हा शब्द आला नाही. सही केली तर निदान दार तरी उघडं राहील, म्हणून तिनं केली.

पुढच्या दिवाळीआधी धोंडुबाईचा निरोप आला, यंदा येऊ नका.

हक्कसोडीच्या स्टँपचा खर्च तेवढा गुंडूनं केला. बाकीची किंमत, रान आणि माहेर दोन्ही, झुंबरबाईनं भरली.