बाहीचे कच्चे टाके

मी काळा झगा बोलतोय. आवाज दबका येईल, कारण अंगावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून मला दारामागे टांगलंय. आणि कात्री वाजली की अजून माझा जीव घाबरा होतो, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म घरातल्याच शिवणयंत्रावर झाला. लेक एमएच्या शेवटच्या सत्रात होती. पदवीदानाला झगे भाड्याने मिळतात, पण आईचं शिवणकामाचं दुकान. ती कसली ऐकते! "कुणाकुणाचा घाम लागलेलं माझ्या पोरीच्या अंगावर नको," म्हणाली आणि तिने चांगलं कापड काढलं.

शेजारीण चिडवायची, "आता तुझी लेक आमच्याशी बोलायला वेळ ठरवून देणार का गं?"

"काकू, तुम्हाला रांगेशिवाय सोडीन," लेक म्हणायची.

बाह्या मापाला बेतून आईने कच्चे टाके घातले. गळ्याच्या पट्टीचा रंग तेवढा कळायचा होता; तो शाखेप्रमाणे बदलतो. म्हणून लेक मला पिशवीत घालून विभागाच्या कार्यालयात गेली.

खिडकीमागच्या बाईंनी तिचा क्रमांक संगणकात टाकला आणि त्या पडद्याकडे बघतच राहिल्या.

"रंगाचं राहू दे. तुझे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, पदवीला कमी पडतायत."

"असं कसं, मॅडम? संख्याशास्त्राची मला सूट आहे. बीएला झालं होतं, म्हणून प्रवेशाच्या वेळीच मिळाली."

"सूट आहेच. तो विषय परत करायचा नाही. पण त्याच्या जागी दुसरा घ्यायचा असतो ना? नुसती सूट मिळाली म्हणून श्रेयांक कोण देणार?" मग त्यांचा स्वर खाली आला. "तू पहिली नाहीस गं. दर वर्षी कुणीतरी इथेच फसतं. पुढच्या सत्रात एक विषय घे. यंदाच्या समारंभात मात्र नाव नाही."

लेकीने पिशवी छातीशी धरली. तिची धडधड मला अस्तरापर्यंत कळत होती.

घरी आईने विचारलं, "कुठला रंग?"

"कार्यालय बंद होतं."

दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर गेले. मग संगणक बिघडला. इकडे आई प्रत्येक गिऱ्हाइकाला समारंभाचं सांगत होती. दार वाजलं की लेक दचकायची, आणि तिच्याबरोबर मीही.

एका दुपारी आईने माझी बाही सुईखाली घेतली. पाय पायपट्टीवर ठेवला.

"आई, पक्की टीप मारू नकोस," लेक म्हणाली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे नापास?"

"नाही गं. एक विषय घ्यायचाच राहिला."

"आणि मी गावभर सांगून बसले."

आई रागावली नाही, जवळही घेतलं नाही. मला सुईखालून काढलं, पिशवी चढवली आणि दारामागे अडकवलं.

आता लेक नवा विषय शिकायला जाते. घरात दोघी कामापुरतं बोलतात. तुमच्यापैकी कुणी अशीच सूट मिळवून निर्धास्त बसलं असेल, तर बाबांनो, खिडकीवर जाऊन एकदा विचारा. लाज वाटली तरी विचारा. दारामागे टांगून राहणं फार जड जातं.

काल लेक वर्गाला गेल्यावर आईने माझी पिशवी वर केली. बाहीचा एक टाका सैल झाला होता. तो तिने काढला आणि नवा घातला. कच्चाच.