पन्नास ग्रॅम, सहा वेळा

कुत्रा घरी आला मंगळवारी सकाळी साडेदहाला. सोबत दोनच गोष्टी होत्या, गळ्यात निळा पट्टा आणि एक छापील कागद. पट्ट्यावर सतरा हा आकडा होता. प्राण्यांच्या आश्रयगृहातला तो पिंजऱ्याचा नंबर. तिथे सगळे त्याला सतराच म्हणत, म्हणून नावही तेच पडलं.

"सतरा?" म्हाताऱ्याने विचारलं. "आधीचे सोळा काय संपावर गेलेत?"

"बाबा, आधी कागद वाचा," मुलगी म्हणाली.

बाबांनी कागद हातात घेतला, पण नजर कुत्र्यावरच राहिली. बरगड्या मोजता येत होत्या. मालक घर सोडून निघून गेले होते आणि कुत्रा मागच्या खोलीत कोंडलेला राहिला होता. तिथला नळ ठिबकत होता म्हणून तो वाचला. किती दिवस तसा होता, हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं.

बाबांना कारखान्यात 'डबल' म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी तिथलं कँटीन सांभाळलं आणि त्या चौतीस वर्षांत "थोडंच वाढा" म्हणणाऱ्या एकाही माणसाच्या ताटात डाव एकदाच पडला नाही. माणूस जेवून उठताना टेबलाला हात टेकून उठला पाहिजे, नाहीतर आपलं काम अर्धवट राहिलं, असं त्यांचं साधं गणित होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ते गणित सुटलं नव्हतं. मुलगी इस्पितळात सिस्टर होती, हृदयरोगाच्या वॉर्डात. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बापलेक राहत.

कागदावर लिहिलं होतं: वजन अकरा किलो, हवं वीसच्या आसपास. दिवसातून सहा वेळा, दर वेळी पन्नास ग्रॅम. खाली ठळक अक्षरांत, जास्त देऊ नये.

"पन्नास ग्रॅम?" बाबा म्हणाले. "एवढं तर माझ्या डावाला चिकटून राहायचं."

"इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम अन्न मिळालं की ते कोलमडतं. रक्तातले क्षार खाली जातात, हृदय दगा देतं. आमच्याकडे माणसांचंही हेच. पहिले काही दिवस पोटभर म्हणजे विष."

"पोटभर म्हणजे विष," बाबा म्हणाले. परक्या भाषेतला शब्द उच्चारून बघावा तसे ते शब्द त्यांनी उच्चारून बघितले.

मुलीने फ्रिजच्या दारावर तक्ता लावला. रोजचे सहा चौकोन. प्रत्येकात वेळ, वजन आणि बरोबरची खूण. सकाळी सात, संध्याकाळी सात आणि रात्री दहा या वेळा तिच्या. दहा, एक आणि चार बाबांच्या, कारण तेव्हा ती ड्यूटीवर असे. ओट्यावर छोटा वजनकाटा ठेवला.

प्रश्न फक्त खाण्याचा नव्हता. वाडग्याजवळ कुणी आलं की सतरा गुरगुरत असे. त्यावर उपाय म्हणून मुलीने एक शिस्त घालून दिली. वाडगा हातात धरायचा, 'बस' म्हणायचं आणि कुत्र्याचं बूड जमिनीला टेकेपर्यंत वाडगा खाली ठेवायचा नाही. न ओरडता, न हात उगारता, नुसतं थांबायचं.

"जेवायला आलेल्याला आधी उठाबशा काढायला लावायच्या? ही कुठली रीत?"

"उठाबशा नाहीत बाबा. नुसत्या बशा."

पहिले दोन दिवस सगळं कागदाबरहुकूम झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सतरा मुलीसमोर तीनदा बसला. ती खूश झाली. बाबांनी आपले तीन चौकोन सरळ अक्षरात भरले.

गुरुवारी लेथवाला आला. कारखान्यात लेथवर होता, म्हणून लेथवाला. बाबांच्या टेबलावर त्याने चौतीस वर्षं दुप्पट जेवण हाणलं होतं आणि अजून आठवड्यातून दोनदा चहाला येत असे. दारातच तो थबकला.

"हे काय रे डबल? कुत्रा आहे का कुत्र्याचा एक्स-रे?"

"प्रकृती सुधारतेय त्याची. मोजून द्यायचंय."

"मोजून? तू?" लेथवाला खुर्चीत बसला आणि हसला. "लोकांना सांगू नकोस. डबलच्या घरात उपाशी कुत्रा! अरे, ऐकणारा म्हणेल, म्हातारा पेन्शन वाचवतोय."

बाबा हसले नाहीत. एक वाजला होता. त्यांनी काट्यावर पन्नास ग्रॅम मोजलं आणि वाडगा धरला. सतरा बसला. वाडगा खाली टेकताच सात-आठ घासांत रिकामा झाला. मग कुत्र्याने मान वर करून बघितलं. असं वर बघणारे चेहरे बाबांनी आयुष्यभर पाहिले होते आणि त्यांना एकच उत्तर दिलं होतं.

लेथवाला गेल्यावर त्यांनी अजून एक चमचा वाढला. चारच्या वेळी दोन. शुक्रवारी चिकन उकडलं, त्यात भात कालवला, वर अंडी फोडली. शनिवारपर्यंत त्यांच्या तिन्ही वेळांना मिळून साडेसहाशे ग्रॅम जात होतं. तक्त्यावर मात्र प्रत्येक चौकोनात पन्नास होतं आणि पुढे खूण. 'बस' म्हणणंही त्यांनी सोडलं होतं. थांबायचं म्हणजे त्या डोळ्यांकडे बघत राहायचं, आणि तेवढं त्यांच्याच्याने होत नव्हतं.

"बाबा, हा माझ्यासमोर बसतच नाही हो आता," शनिवारी संध्याकाळी मुलगी म्हणाली. वाडगा खाली येण्याआधीच सतराने उडी मारली होती आणि तिच्या अंगठ्याला दात लागला होता. "बुधवारी बसत होता. दिवसा बसतो ना तुमच्याजवळ?"

"बसतो की," बाबा म्हणाले आणि पंखा पुसायला स्टुलावर चढले.

सोमवारी मुलीची सुटी होती. सकाळी सतराच्या सुजलेल्या पायाकडे बघून ती खाली बसली आणि तिने पायावर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर तिथे खळगा तसाच राहिला. असे खळगे ती रोज बघत होती. त्याला उचलून घेऊन ती माणसांच्या वजनकाट्यावर उभी राहिली, मग एकटी उभी राहिली, आणि वजाबाकी केली. तेरा किलो दोनशे. सहा दिवसांत दोन किलोंच्या वर. खाली ठेवल्यावर कुत्रा दोन पावलं चालला आणि त्याचे मागचे पाय दुमडले.

तिने फ्रिजवरचा तक्ता काढून पर्समध्ये टाकला. कुत्र्याला घेऊन बापलेक रिक्षाने निघाले.

प्राण्यांची डॉक्टरीण बुटकी, मोजकं बोलणारी होती. दोन्ही मनगटांवर ओरखडे. तिने तपासलं, तक्ता वाचला, पुन्हा तपासलं.

"हे आकडे खरे आहेत?"

"मी आणि बाबांनी भरलेत," मुलगी म्हणाली. "मी सिस्टर आहे. आमच्या घरात तक्ता चुकत नाही."

"मग हे वाईट आहे. दिवसाला तीनशे ग्रॅमवर एवढं वजन वाढत नाही. हे पाणी साठलंय, म्हणजे किडनी किंवा हृदय. रक्त घेते, पण औषध आत्ताच सुरू करते." तिने फोन जवळ ओढला. "आश्रयगृहालाही कळवावं लागेल. पंधरा दिवसांत असा आजार निघाला तर प्राणी परत घ्यायचा, असा त्यांचा नियम आहे."

"परत घेऊन काय करतील?"

"त्यांच्याकडे एकशे चाळीस प्राणी आहेत. किडनी गेलेल्या कुत्र्यावर किती दिवस घालवतील?"

बाबा भिंतीजवळच्या बाकावर बसले होते. डॉक्टरीण आकडे दाबायला लागली.

"फोन ठेवा," बाबा म्हणाले.

दोघींनी वळून पाहिलं.

"मी जास्त घातलंय. गुरुवारपासून. दहाला दोनशे, एकला अडीचशे, चारला दोनशे. चिकन, भात, अंडी."

"मोजलंत?"

"हाताला कळतं."

डॉक्टरणीने फोन ठेवला. "दोन मिनिटं उशीर केला असतात तर मी किडनीचं इंजेक्शन दिलं असतं. ते याला झेपलं नसतं." मग ती मुलीकडे वळून क्षारांची नावं सांगू लागली आणि मुलगी मान हलवत राहिली. बाबांकडे तिने बघितलं नाही.

रक्तात फॉस्फरस आणि पोटॅशियम तळाला गेलं होतं. किडनी ठीक होती. सतराला सलाइन लावून दोन दिवस तिथेच ठेवलं.

घरी आल्यावर मुलीने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि मग बोलली.

"जास्त घातलंत, ते मी समजू शकते. ते तुमच्या हाडात आहे. पण पन्नास लिहिलंत. आणि मी तिथे छातीठोकपणे सांगितलं की आमचा तक्ता चुकत नाही."

"चुकलं माझं."

"वॉर्डात माझ्या हाताखालच्या पोरीनं असं केलं तर मी तिला दुपारपर्यंत घरी पाठवते."

"मग मला कुठे पाठवशील? मी घरीच आहे."

ती हसली नाही. "सतरा बुधवारी सुटतोय. मी त्याला तिथूनच आश्रयगृहात सोडते. दिवसभर तो ज्याच्या हाती राहणार, त्याच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. अशा ठिकाणी मी पेशंट ठेवत नाही."

बाबांनी वाद घातला नाही. बुधवारी ती निघताना मात्र दाराशी आले.

"शनिवारपर्यंत ठेव. वाडगा नको. कुत्र्यांच्या खाद्याच्या कोरड्या गोळ्या दे, मी हातातून एकेक भरवतो. बसला तर एक गोळी, नाही बसला तर नाही. म्हणजे माझ्याकडूनही घाई व्हायची नाही."

"आणि लिहिणार काय?"

"देईन ते."

तिने किल्ली बोटात फिरवली. "शनिवारी त्याची तपासणी आहे. तोवर. गोळ्यांची पिशवी मी रोज वजन करून जाणार."

हे बाबांना लागलं. "कर," ते म्हणाले.

पन्नास ग्रॅममध्ये एकशे वीसच्या आसपास गोळ्या भरत. गुरुवारी दहाची वेळ संपायला पाऊण तास लागला. पहिल्या गोळीला सतराने बोटं पकडली. बाबांनी मूठ मिटली आणि ते थांबले. कुत्रा भुंकला, गोल फिरला, पायाने मूठ उकरू लागला. बाबांचे गुडघे दुखायला लागले. शेवटी दुसरा काहीच इलाज न उरल्यासारखा सतरा खाली बसला. एक गोळी. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. साठाव्या गोळीपर्यंत दोघंही दमले होते, पण कुत्रा आता उकरत नव्हता. एकची वेळ अर्ध्या तासात उरकली.

तक्ता भरताना त्यांनी पन्नास लिहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं, खोडलं आणि एकोणपन्नास केलं. दोन-तीन गोळ्या फ्रिजखाली गेल्या होत्या.

शुक्रवारी चारच्या सुमाराला लेथवाला आला. बाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते.

"अरे देवा! आता दाणे टिपायला लावलंस? चिमणी पाळलीयस का कुत्रा?"

"गप बस," बाबा म्हणाले.

अर्धवट उठलेला सतरा झटकन खाली बसला. लेथवाल्याला हसू आवरेना. बाबांनी मुकाट्याने एक गोळी काढून कुत्र्याला दिली. "बसला की द्यावीच लागते," ते म्हणाले.

पन्नास ग्रॅम संपेपर्यंत त्यांनी लेथवाल्याला तक्ता, पिशवीचं वजन आणि शनिवारची मुदत सगळं सांगितलं आणि मग ते चहा करायला उठले. गॅस पेटवून वळतात तोवर लेथवाल्याच्या हातातलं बिस्कीट कुत्र्याच्या तोंडात गेलं होतं, आणि त्यामागून दुसरंही.

"तूच दिलंस?"

"वर बघत होता रे! दोन बिस्किटांनी काय आभाळ कोसळतंय?"

बाबांनी पुड्यातली तशीच दोन बिस्किटं काट्यावर ठेवली. अठरा ग्रॅम. ते पेन घेऊन फ्रिजकडे गेले.

"लिहितोयस?" लेथवाला आता हसत नव्हता. "डोकं फिरलंय का? उद्या ती त्याला परत देऊन टाकेल. पिशवीतलं काही गेलेलं नाही. तू, मी आणि हा कुत्रा, कळणार कुणाला?"

बाबांचं पेन थोडा वेळ कागदावर टेकलेलं राहिलं. मग त्यांनी लिहिलं: चार वाजता ५०, शिवाय दोन बिस्किटं, १८. वाढणारा मित्र. जबाबदार मी. अक्षर चौकोनात मावलं नाही, बाहेर गेलं.

लेथवाला चहा न पिता गेला.

मुलगी साडेसहाला आली. चपला काढण्याआधी तिने पिशवी वजन केली, मग तक्ता वाचला. दोनदा वाचला. बाबा खिडकीपाशी वर्तमानपत्र धरून बसले होते. पान उलटत नव्हतं.

"हे पिशवीत दिसलं नसतं."

"माहीत आहे."

तिने कुत्र्याचे पाय दाबून पाहिले, चारही. अंगठ्याचा खळगा राहत नव्हता. मग तिने पेन उचललं आणि सातच्या चौकोनात पन्नासऐवजी बत्तीस लिहिलं.

"उद्या नऊला डॉक्टरांकडे जायचंय," ती म्हणाली. "तुम्हीही चला. आकडे विचारतील तेव्हा तुम्हीच सांगा."

"आणि तिथून?"

"तिथून घरी," ती म्हणाली आणि बत्तीस ग्रॅम मोजायला लागली.