सीटखालची तार

दुपारी दोनला लॉर्नाला मूठमाती द्यायची होती आणि दफनभूमीतलं गवत अजून घोट्याच्या वर होतं. आठवडाभर पाऊस. आयोवातल्या त्या छोट्या चर्चचं गवत सोळा वर्षं आर्लीनच कापत होती, आणि लॉर्ना तिची धाकटी बहीण.

सकाळी दहाला गवत कापायच्या गाडीवर बसून तिने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण ब्रेकवरचा पाय काढताच बंद पडलं. सहा वेळा तेच. तिने बॅटरीची टोकं घासली, फ्यूज पाहिला. सगळं ठीक.

गावात विजेतलं कळणारा एकच माणूस, लॉर्नाचा नवरा ड्वाइट. आज त्याला कोणत्या तोंडाने बोलवायचं? तिने भाचीला, लॉर्नाच्या मुलीला, फोन करून दुसरं कुणी मिळेल का, असं विचारलं. वीस मिनिटांत ड्वाइटच आला. अंगात काळा सूट, हातात वीज तपासायचं मीटर.

“घरात सगळे माझ्याकडेच बघत बसलेत,” तो म्हणाला. “इथं बरं.”

त्याने सीट उचलली. खाली एक बटण असतं. ब्रेकवरचा पाय काढला की, माणूस बसलेला असेल तरच ते इंजिन चालू ठेवतं. त्याने तिथली दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडली. आता पाय काढला तरी इंजिन चालू राहिलं.

“आजच्यापुरतं राहू दे असंच. साडेअकरा झालेत.”

आर्लीनने ओढ्याकडच्या ओल्या उताराकडे पाहिलं. आता ती गाडीवरून घसरून पडली तरी खालचं पातं फिरतच राहिलं असतं.

“ड्वाइट, एका आठवड्यात घरातलं एक माणूस गेलं तेवढं पुरे.”

त्याने तुकडा काढला आणि बटण मीटरने तपासलं. ते चांगलं होतं. मग तो बटणाकडे येणारी तार बोटांनी चाचपत गेला. वरून धड दिसणारी तार आतून तुटली होती. जोड दोनदा सुटला. शेवटी आर्लीनने टोकं धरली आणि त्याने पीळ घालून वर चिकटपट्टी गुंडाळली. पाऊण वाजला होता.

कबरीभोवतालचं आणि वाटेचं गवत कापून होतंय तोच मोटारी येऊ लागल्या. उतार तसाच राहिला. गवताने भरलेल्या पँटवरच ती ड्वाइटशेजारी जाऊन उभी राहिली.

प्रार्थना चालू असताना तो हळूच तिच्याकडे झुकला.

“गवताची गाडी नीट बंद केलीस ना?”

“किल्ली खिशात आहे,” ती म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला.