दुधीची खुडलेली फुलं

माजिवड्यातल्या सोसायटीच्या मागच्या बागेवर बारीक जाळी लावली, त्याला एकवीस दिवस झाले. या एकवीस दिवसांत एकही माकड आत आलं नाही. एकही फूल तुटलं नाही. आणि एकही दुधी धरला नाही.

शेवटची गोष्ट योगिनीला उमगत नव्हती. बाग तिने उभी केलेली. पुढच्या रविवारी सभेत ठराव येणार होता: बाग काढून दहा गाड्यांचं पार्किंग. “एक तरी दुधी दाखव, मग बोल,” सेक्रेटरी दौलतकाका म्हणाले होते.

जाळीआधी नुकसान दोन प्रकारचं होतं. माकडं दिवसा यायची, कोवळे दुधी अर्धे खाऊन टाकायची. दुसरं नुकसान संध्याकाळचं: पांढरी फुलं देठातून खुडलेली, पाकळ्या ओरबाडून वेलाखाली टाकलेल्या. हे माकडाचं काम वाटेना. कॅमेरा बसवला, त्यात कमळाबाई दिसल्या. मागच्या गावठाणातल्या. सोसायटीच्या जागी पूर्वी त्यांचंच शेत होतं. त्यांचा फोटो छापून फाटकावर लावला: ‘बागेची नासधूस करणाऱ्यांस प्रवेश बंद.’ फाटकाला कुलूप घातलं.

आता फुलं शाबूत होती, पण त्यांच्यामागचे बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळत होते. योगिनीने खत बदललं. पाणी कमी केलं, मग वाढवलं. शेवटी शनिवारी दुपारी ती गावठाणात कमळाबाईंकडे गेली.

कमळाबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या.

“काय गो, परत फोटू काढाया आलीस?”

“मावशी, दुधी गळतायत.”

“गलतीलच. नराचा फूल मादीला कोन लावतंय? तुजा सेक्रेटरी?”

“म्हणजे तुम्ही फुलं तोडत नव्हता?”

“तोडतच व्हते. तोडल्याबिगर लावाचा कसा? सांजच्याला फुलावर पतंगाचा पाखरू यायचा, त्यालाबी जालीनं बाहेर ठेवलास.”

“जाळी काढली तर माकडं येतील.”

“माकडा सांजची झोपाया जातान. जाली तवा उघडाची, सकाली लावाची. यवढा कलत नाय?”

“मग तेव्हाच सांगायचं ना!”

“इचारला कोनी?”

योगिनीने फाटकावरचा फोटो काढला, कुलूप उघडलं. कमळाबाई आल्या, पण फाटकाबाहेरच थांबल्या.

“सबेत सांग सगल्यांना. मंग आत येन.”

“सभेला आठ दिवस आहेत. तोवर दुधी दिसेल?”

“लागला तर ईतभर व्हईल.”

साडेसहाला फुलं उमलू लागली. योगिनीने जाळीची एक बाजू वर गुंडाळली आणि हाताला आलं ते पहिलं फूल धरलं.

“ता नको! त्याच्यामागं दुदी हाय. बारीक देठाचा घे.”

तिने बारीक देठाचं फूल खुडलं, पाकळ्या ओरबाडल्या, मधला भाग मादी फुलात टेकवला. बरोबर झालं की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता.

फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर दौलतकाकांनी कॅमेऱ्यातला फोटो टाकला होता. वेलाजवळ वाकलेली बाई, हातात तुटकं फूल, पायाशी पाकळ्या. खाली लिहिलेलं: ‘पुन्हा सुरू! ही कोण?’

योगिनीने ‘नासधूस नाही’ असं लिहिलं, पुसलं. ‘परागीकरण’ लिहिलं, तेही पुसलं. फोटोत तर नासधूसच दिसत होती. शेवटी ‘मी’ एवढंच पाठवलं आणि पुढचं फूल फाटकाच्या दिशेने वळवून धरलं.

“मावशी, हे कुठलं?”